विमान कुणाला विचारून येतं?

प्रश्न : देवबागात आमच्या निवास-न्याहारीच्या चार खोल्या आहेत. त्यातल्या दोन चिपीला विमान सुरू झाल्यावर कर्ज काढून बांधल्या. तीन वर्षं मुंबईचे पाहुणे विमानानं येत होते. मग एका ऑक्टोबरात ते विमान बंद झालं. कुणी म्हणतं केंद्रानं बंद केलं, कुणी म्हणतं कंपनीनं, कुणी म्हणतं मोपानं खाल्लं. विमानाचं आणि पर्यटनाचं हे धोरण ठरवतं तरी कोण? आणि ठरवताना आमच्यासारख्यांना कुणी विचारतं का?
— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की निम्मं उत्तर तिथंच सापडतं. चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं आणि मुंबईचं विमान सुरू झालं. ते बंद पडलं २०२४ च्या ऑक्टोबरात. म्हणजे तीन वर्षं. हा तीनचा आकडा मोपानं ठरवला नाही आणि तुमच्या जिल्ह्यातल्या कुठल्या पुढाऱ्यानंही नाही. तो २०१६ साली दिल्लीत, ‘उडान’ योजनेच्या दस्तऐवजात लिहिला गेला. तुम्ही कर्ज काढलंत तेव्हा तो तुम्हाला कुणी सांगितला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी कुणाच्या हातात काय आहे ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य यांच्यात विषयांची वाटणी आहे. हवाई मार्ग, विमानं, विमानतळ हे सगळं केंद्राच्या यादीत, २९ व्या नोंदीत येतं. पर्यटन मात्र तीनपैकी कुठल्याच यादीत स्वतंत्र विषय म्हणून नाही. त्यामुळे विमानाला कायदा आहे, परवाना देणारा नियामक आहे. पर्यटनाला आहे ते धोरण, म्हणजे एक पुस्तिका. देशाचं पहिलं पर्यटन धोरण १९८२ साली आलं, दुसरं २००२ साली. दुसऱ्यात स्वागत, सूचना, सुविधा, सुरक्षा, सहयोग, संरचना आणि सफाई असे सात ‘स’ होते. सगळे चांगले आणि गरजेचे. पण त्यातल्या एकाही ‘स’ला विमान कंपनी बांधील नव्हती.

हे दोन विषय कायम वेगळे होते असं नाही. १९६७ साली पर्यटन आणि नागरी विमान वाहतूक असं एकच मंत्रालय झालं आणि करण सिंह त्याचे मंत्री होते. पुढे खाती वेगळी झाली. आज मुंबईत मंत्रालयातही तेच चित्र आहे. विमानचालन सामान्य प्रशासन विभागाकडे, पर्यटन पर्यटन विभागाकडे, आणि चिपीचा विमानतळ उभा केला औद्योगिक विकास महामंडळानं, एका खासगी कंपनीला बांधायला आणि चालवायला देऊन. सिंधुदुर्ग १९९७ सालीच ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून जाहीर झाला होता. जिल्हा पर्यटनाचा, विमानतळ उद्योगखात्याच्या महामंडळाचा, मार्गाची मंजुरी दिल्लीची. एका पाहुण्याला तुमच्या ओटीवर आणायला इतकी दारं उघडावी लागतात.

आता धोरण कसं तयार होतं ते सांगतो. मंत्रालय मसुदा करतं आणि तो संकेतस्थळावर टाकून हरकती-सूचना मागवतं. मग विमान कंपन्या, विमानतळ चालवणारे, राज्य सरकारं यांच्या बैठका होतात, इतर मंत्रालयांची मतं घेतली जातात, मंत्रिमंडळासाठी टिपण जातं आणि मंजुरी मिळते. सध्याचं राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरण याच वाटेनं गेलं. पहिला मसुदा नोव्हेंबर २०१४, सुधारित मसुदा ऑक्टोबर २०१५, मंत्रिमंडळाची मंजुरी १५ जून २०१६. या दीड वर्षात सगळ्यात जास्त वाद कशावर झाला असेल? ‘पाच-वीस’ या नियमावर. देशी कंपनीला परदेशी उड्डाणं करायची तर आधी पाच वर्षं देशात सेवा आणि ताफ्यात वीस विमानं हवीत, असा तो नियम होता. जुन्या कंपन्यांना तो हवा होता, नव्यांना नको होता. शेवटी पाच वर्षांची अट गेली. वीस विमानं किंवा एकूण क्षमतेच्या वीस टक्के, यांतलं जे जास्त असेल ते देशात वापरायचं, एवढी अट उरली. वर्तमानपत्रांचे रकाने या भांडणानं भरले. छोट्या गावांच्या विमानाचं प्रकरण त्याच धोरणात होतं, पण त्यावर फारशी चर्चा झाली नाही. तुमच्या दोन खोल्यांचं भवितव्य मात्र त्या प्रकरणात होतं.

ते प्रकरण म्हणजे उडान. तिची रचना नीट समजून घ्या, कारण खरं धोरण तिच्या बारीक कलमांत आहे. कुठल्या गावाहून कुठल्या गावाला विमान जावं हे सरकार ठरवत नाही. कंपनी स्वतः मार्ग सुचवते. त्या मार्गावर इतरांकडून बोली मागवतात आणि दर आसनामागे जी कंपनी सगळ्यात कमी अनुदान मागेल तिला मार्ग मिळतो. या अनुदानाला ‘व्यवहार्यता तफावत निधी’ म्हणतात. ते तीन वर्षं मिळतं आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला येता येत नाही. बदल्यात विमानातली निम्मी आसनं ठरलेल्या भाड्यात विकायची. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ही मर्यादा अडीच हजार रुपये होती.

एक उदाहरण घेऊ. चिपीला यायचं ते पंख्याचं, सत्तरेक आसनांचं विमान. त्यातली पस्तीस-छत्तीस आसनं स्वस्त, उरलेली बाजारभावानं. समजा एका प्रवाशाला मुंबईहून आणण्याचा खर्च पाच हजार आहे आणि भाडं अडीच हजार. वरच्या अडीच हजारांचा भार त्या निम्म्या आसनांपुरता अनुदानानं उचलायचा. तुमचे एक पाहुणे अडीच हजारांत आले आणि शेजारच्या आसनावरच्यानं दुप्पट-तिप्पट मोजले, असं तुम्हीही ऐकलं असेल. त्याचं कारण हे. त्यात लबाडी नव्हती, योजनाच तशी आहे.

हे पैसे येतात कुठून? मुख्यतः मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर लावलेल्या आकारातून. त्यातून अनुदानाचा ८० टक्के वाटा निघतो, २० टक्के राज्य देतं. उडानच्या विमानतळावर भरलेल्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर राज्यानं दहा वर्षं एक टक्क्यावर किंवा त्याखाली ठेवायचा असतो. विमानाचं इंधन वस्तू आणि सेवा कराबाहेर आहे, म्हणून हा कर अजून राज्याच्या हातात आहे आणि त्याचा दर हेही एक धोरणच आहे. महाराष्ट्रानं २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई-पुण्यातला हा दर २५ टक्क्यांवरून १८ वर आणला. तरी विमानानं टाकी मुंबईत भरली तर मुंबईचाच दर पडतो. खर्चातला सगळ्यात मोठा आकडा इंधनाचा, त्यामुळे टाकी कुठं भरायची याचा हिशोब प्रत्येक फेरीला करावा लागतो.

तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, ही उडानमागची धारणा होती. ती किती खरी ठरली हे देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मोजून दाखवलं आहे. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि अनुदान संपल्यावरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले ते ५४. शंभर मार्ग दिले तर सात टिकले. चिपीचं दुखणं एकट्या चिपीचं नाही, हे यावरून कळावं.

पण मार्ग का टिकत नाही? इथं मला तुमच्या गावाकडे यावं लागतं. गणपतीच्या आधीचे चार दिवस आठवा. मुंबईहून चाकरमान्यांनी भरलेलं विमान येतं आणि रिकामं परत जातं. विसर्जनानंतर उलटं. मे महिना, दिवाळी, नाताळ इथंही तसंच. शुक्रवारी येणारं भरलेलं, रविवारी जाणारं भरलेलं, मंगळवारी दोन्ही बाजूंनी अर्धं. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, पाहुणा नाही. फक्त सुट्टीवर चालणाऱ्या मार्गाचं हे जन्मजात दुखणं आहे आणि भाड्याच्या मर्यादेमुळे कंपनीला भरलेल्या दिवसांत ते पुरतं भरूनही काढता येत नाही.

कोल्हापूरशी तुलना करा. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला तो विमानतळ मधली कित्येक वर्षं सुना होता. उडानमध्ये पुन्हा सुरू झाला आणि तग धरून आहे. तिथं कारखानदार कामासाठी जातो-येतो, हैदराबादचा भाविक अंबाबाईला येतो, आणि कोल्हापूरचा माणूस तिरुपतीला जातो. तिरुपतीला गेलेल्यानं अंबाबाईचं दर्शन घ्यावं ही श्रद्धा तिरुपतीच्या मार्गाला दोन्ही बाजूंनी प्रवासी देते, बाराही महिने. कुठल्याही मंत्रालयानं हे आखलं नव्हतं. पण मार्ग देताना कुणीतरी बसून विचारायला हवं होतं, की कोकणातला हा दुसऱ्या बाजूचा प्रवासी कोण? आंबा-काजूचा व्यापारी, मुंबईच्या इस्पितळात दाखवायला जाणारा रुग्ण, नोकरीसाठी बंगळुरूला राहणारी मुलं यांना धरून वेळापत्रक केलं असतं तर मंगळवारचं विमान इतकं रिकामं गेलं नसतं, असं मला ठाम वाटतं.

मोपाचं म्हणाल तर तेही खोटं नाही. गोव्यात पेडण्यातला तो विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. अनेक कंपन्या, मोठी विमानं, दिवसभर फेऱ्या आणि सावंतवाडी हाकेच्या अंतरावर. केंद्राच्या २००८ च्या नव्या विमानतळांच्या धोरणात एक कलम आहे. जुन्या विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा काढायचा तर जुन्यावर काय परिणाम होईल ते तपासायचं. चिपी, मोपा आणि दाबोळी ही तिन्ही त्या अंतराच्या आत आहेत. म्हणजे प्रश्न धोरणाला माहीत होता. त्याचं उत्तर मात्र विमानतळांच्या उत्पन्नाच्या भाषेत शोधलं गेलं. देवबागच्या घराला काय होईल, हा रकाना त्या तपासणीत नव्हता.

मुंबईची अडचण आणखी वेगळी. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सत्तर आसनांचं विमान जेवढा वेळ ती अडवतं, जवळपास तेवढ्याच वेळात एकशेऐंशी आसनांचं उतरतं. मग सकाळची सोयीची वेळ कुणाला मिळणार? छोट्या विमानाला भलत्या वेळी यावं-जावं लागतं. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आहे. छोट्या गावांच्या विमानांसाठी तिथल्या चांगल्या वेळा आत्ताच राखून ठेवा, ही मागणी कोकणानं, खानदेशानं, विदर्भानं मिळून लावून धरायला हवी. नवा विमानतळ भरला की ती ऐकून घ्यायला कुणी उरणार नाही.

आणि पर्यटन खातं या सगळ्यात कुठं होतं? २०१६ चं धोरण मंजूर झालं तेव्हा महेश शर्मा हे पर्यटनाचे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री होते आणि त्याच वेळी विमान वाहतुकीचेही राज्यमंत्री होते. एकाच माणसाकडे दोन्ही खाती होती. तरी पर्यटन मार्ग असा वेगळा गट उडानमध्ये आला तो तिसऱ्या टप्प्यात, पर्यटन मंत्रालयानं अनुदानाचे पैसे देऊ केल्यावर. जो पैसे देतो त्याचं म्हणणं दस्तऐवजात शिरतं, हे मी या विषयात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता एक गोष्ट तुमच्या उंबऱ्यावरची. देवबागच्या संगमावर उभं राहिलं की कर्लीच्या मुखापलीकडे भोगवे डोळ्यांसमोर दिसतं. चिपीचा सडा त्याच बाजूला, परुळ्याकडे. पक्ष्याला काही मिनिटांचं अंतर. पाहुण्याला मात्र विमानतळावरून निघून खाडीचा पूल गाठून, वळसा घालून तुमच्याकडे यावं लागतं. विमानात बसून जेमतेम सव्वा-दीड तास आणि पुढे गाडी शोधण्यात अर्धा-पाऊण तास. विमानाचं धोरण धावपट्टीच्या टोकाशी संपतं. पर्यटनाचं धोरण हॉटेलच्या दारात सुरू होतं. मधला रस्ता, मधली गाडी, मधली होडी कुणाच्याच कागदावर नाही. विमानाच्या वेळेला धरून एक एसटी आणि भोगव्याहून तुमच्या बाजूला एक होडी एवढं जिल्ह्याच्या पातळीवर तीन वर्षांत नक्की करता आलं असतं. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, कुणी विचारतं का, तो मी मागे ठेवतो आहे. आधी दुसरं एक पत्र घेतो.

प्रश्न : अजिंठा-वेरूळ पाहायला जगभरातून बौद्ध यात्रेकरू येतात. मग बँकॉक किंवा कोलंबोहून आमच्या शहराला थेट विमान का नाही? सरकार परवानगी देत नाही का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : परवानगी आहे, आणि जुनी आहे. परदेशी विमानाला कुठं उतरू द्यायचं हे दोन देशांच्या करारानं ठरतं. १९४४ च्या शिकागो परिषदेपासून प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावर पूर्ण हक्क मानला जातो. या करारांत आठवड्याला किती आसनं आणि कुठली शहरं हे लिहिलेलं असतं. दुबईबरोबरच्या करारात ही मर्यादा सुमारे ६५ हजार आसनांची आहे आणि २०१४ नंतर ती वर्षानुवर्षं वाढवली गेली नाही, कारण आपल्या कंपन्यांचे प्रवासी पळतील ही भीती. आग्नेय आशियातल्या देशांसाठी मात्र २००३ साली आपण १८ पर्यटनस्थळं खुली केली, हव्या तितक्या फेऱ्यांसाठी. त्या यादीत गया, वाराणसी, खजुराहो, गोवा यांच्याबरोबर तुमचं शहरही होतं. सार्क देशांसाठी २०१६ च्या धोरणानं परस्पर तत्त्वावर मोकळीक ठेवली.

तेव्हा दार उघडं होतं. गयेला बँकॉकहून विमानं आली, कारण तिथं थंडीच्या महिन्यांत यात्रा काढणाऱ्या संघटना, त्यांचे विहार आणि उतरण्याच्या जागा आधीपासून आहेत. तुमच्याकडे उलटं झालं. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनासाठी जपाननं कर्ज दिलं, १९९० च्या दशकात पहिलं आणि २००३ साली दुसरं, आणि त्यातून विमानतळाचंही काम झालं. इमारत आली, पण तिच्यापर्यंत यात्रेकरूंना घेऊन येणारं कुणी उभं केलं गेलं नाही. गोव्याला पहिलं जर्मन चार्टर विमान १९८७ साली उतरलं, तेव्हा ते आणणारा प्रवास व्यावसायिक होता आणि खोल्या आधी ठरलेल्या होत्या. थेट विमान हवं असेल तर तुमच्या शहरातल्या प्रवास कंपन्यांनी श्रीलंका-थायलंडच्या यात्रा संघटनांशी आधी एका मोसमाचं गणित जमवावं. अजिंठ्याला जळगाव अधिक जवळ, सुमारे ६० किलोमीटर. त्यामुळे दोन्ही विमानतळांनी मिळून एकानं यायचं, दुसऱ्यानं जायचं अशी सहल विकली तर यात्रेकरूचा एक दिवसही वाचेल.

आता देवबागच्या ताईंचा राहिलेला प्रश्न : आम्हाला कुणी विचारतं का?

कागदावर विचारतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनेनुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो आणि मोठी धोरणंही बहुतेक याच पद्धतीनं मांडली जातात. आणि हरकतीनं फरक पडतो. ऑक्टोबर २०१५ च्या मसुद्यात उडानसाठी देशातल्या आणि परदेशच्या सगळ्या तिकिटांवर दोन टक्के आकार सुचवला होता. विमान कंपन्यांनी हरकत घेतली, आंतरराष्ट्रीय तिकिटांवर असा आकार बसत नाही म्हणून सांगितलं, आणि अंतिम धोरणात तो जाऊन फक्त देशांतर्गत उड्डाणांवरचा आकार आला. कंपन्यांकडे वकील होते, आकडे होते, इंग्रजीत लिहिलेलं सविस्तर टिपण होतं. निवास-न्याहारी चालवणाऱ्यांकडून काय गेलं होतं? मसुदा मराठीत नव्हता, तालुक्याला कुणी वाचून दाखवला नाही, तीस दिवसांत भातकापणीही उरकत नाही. दोष तुमचा नाही. पण पुढची खेप येते आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं जोडणारं सुधारित उडान जाहीर झालं आहे.

म्हणून एक काम आजच करा. पाहुण्यांच्या नोंदवहीत तीन रकाने वाढवा : कुठल्या गावाहून आले, कशानं आले, आणि विमान असतं तर आले असते का. तारीख तर तुम्ही लिहिताच. पर्यटन संचालनालयाकडची तुमची नोंदणी चालू ठेवा, कारण नोंद नसलेल्या खोलीतला पाहुणा सरकारी आकड्यात धरलाच जात नाही. देवबाग, तारकर्ली, भोगवे, निवतीच्या वीस-पंचवीस घरांनी हे एक मोसम केलं तर आठवड्याच्या कुठल्या दिवशी, कुठल्या शहराहून, किती माणसं येतात याचा असा तक्ता तयार होईल जो आज कुठल्याही मंत्रालयाकडे नाही. तो जिल्हा नियोजन समितीकडे द्या, खासदारांकडे प्रश्नासाठी द्या, आणि कोकणाकडे येऊ पाहणाऱ्या विमान कंपनीकडेही द्या, तिला तो हवाच असतो.

पहिल्या महिन्याची पानं भरली की त्यांची एक प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा. तक्ता कसा मांडायचा ते आपण मिळून पाहू.